साम्राज्यनिष्ठा आणि एक शिलिंग: मॉन्ट्रियलच्या व्यापाऱ्यांची गोष्ट

लाशीनकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, सहा वर्षं झाली मॉन्ट्रियलमध्ये राहतोय. घरापासून दहा मिनिटं चाललं की लाशीन कालवा. उन्हाळ्यात सगळं गाव तिथे सायकली फिरवतं, मीही फिरवतो. कालव्याच्या कडेने जुन्या गिरण्यांच्या विटांच्या इमारती आहेत, आता त्यांचे महागडे फ्लॅट झालेत, आणि जरा पुढे आलं की रात्री लाल अक्षरांत पेटणारी 'फारीन फाइव्ह रोझेस' ही पाटी दिसते. फारीन म्हणजे फ्रेंचमध्ये पीठ. पिठाची एवढी मोठी पाटी का असावी म्हणून मागच्या हिवाळ्यात वाचायला बसलो (इथे हिवाळ्यात दुसरं करायला आहे काय) आणि जे सापडलं ते इतकं गमतीचं निघालं की धागा काढल्याशिवाय राहवेना.

तर गोष्ट अशी. त्या काळी इंग्लंडात कॉर्न लॉज होते, म्हणजे परदेशी गव्हावर जबर जकात, का तर तिथल्या जमीनदारांच्या गव्हाला भाव मिळावा. १८१५ च्या कायद्यात तर देशी गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊच द्यायचा नाही असं होतं (क्वार्टर म्हणजे आठ बुशेल, साधारण २१८ किलो धरा). वसाहतींसाठी मात्र तीच रेषा ६७ शिलिंगांवर. म्हणजे घरचा आणि परका असा भेद पहिल्यापासूनच. पण मॉन्ट्रियलच्या शेटजींना तेवढ्याने भागत नव्हतं. आम्ही राणीची प्रजा, आमच्या मालावर जकात कशाला, हा त्यांचा घोषा. अर्ज करून करून अखेर १८४३ मध्ये त्यांना पाहिजे ते मिळालं. कॅनडाचा गहू आणि कॅनडाचं पीठ इंग्लंडात क्वार्टरला फक्त एक शिलिंगात. बदल्यात कॅनडाने एवढंच करायचं की अमेरिकेतून आत येणाऱ्या गव्हावर तीन शिलिंग घ्यायचे.

आता खरी मेख. अमेरिकन गहू तीन शिलिंग भरून कॅनडात आणला आणि कॅनडातल्या गिरणीत दळला, की त्याचं पीठ 'कॅनडियन'! ओहायोचा गहू ईरी सरोवरातून जहाजाने यायचा, वेलंड कालव्याच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरणीत दळायचा, १९६ पौंडांच्या पिपात भरायचा, की झाला राणीचा लाडका. तिथून सेंट लॉरेन्सने खाली मॉन्ट्रियल आणि पुढे लिव्हरपूल. मग काय, ज्याला त्याला गिरणी काढायची घाई. कर्ज काढून गिरण्या, वखारी, आणि सरकारने कर्ज काढून कालवे रुंद केले. आणि अवघ्या तीन वर्षांत, जून १८४६ मध्ये, पंतप्रधान पीलने कॉर्न लॉजच उडवून दिले. आयर्लंडात बटाटा कुजला होता, लोक उपाशी मरत होते, मॉन्ट्रियलच्या पिपांचा विचार कोण करतो. जकात टप्प्याटप्प्याने उतरत १ फेब्रुवारी १८४९ पासून सगळ्या जगाच्या गव्हाला एक शिलिंग.

लक्षात घ्या, कॅनडाचा एक शिलिंग तसाच राहिला, कुणी पैसाभरही वाढवला नाही. फक्त जगाचाही एकच झाला. आणि एवढ्यावर हे लोक बुडाले.

पुढे १८४९ मध्ये याच साम्राज्यनिष्ठ शेटजींनी जे केलं ते प्रतिसादांत लिहितो, जेवायची वेळ झाली.

तिरकस_तात्या

रुमाल टाकून ठेवतो. बाकी गहू दळून जात बदलते हे आमच्या घरच्या चक्कीवाल्याला सांगायला पाहिजे, तो दर वेळी दुसऱ्याचंच पीठ देतो.

क्लिअरिंगवाली

तात्या 😄

धागाकर्ते, मी न्हावा शेवाला कस्टम्स क्लिअरन्समध्ये सतरा वर्षं काढलीयत त्यामुळे तुमची ती 'मेख' वाचून हसूच आलं, हे तर आमचं रोजचं. आजही कुठल्याही व्यापार करारात सवलतीची जकात पाहिजे तर माल त्या देशात 'मूळचा' आहे हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी एक साधी कसोटी बहुतेक करारांत असते, ती म्हणजे मालाचं जकातीतलं शीर्षक बदललं का? गहू १००१ मध्ये, गव्हाचं पीठ ११०१ मध्ये. म्हणजे नुसत्या याच कसोटीवर बघितलं तर दळलं की शीर्षक बदललं, झाला माल त्या देशाचा. १८४३ वाल्यांनी काही चोरी केली नव्हती हो, कायदाच तसा होता. उलट असं दळणवळण (शब्दशः!) आपल्याकडे व्हावं म्हणूनच देश अशी सवलत मागतात.

चोरी ती वेगळी. तिसऱ्याच देशाचा माल, नुसतं पोतं बदललेलं, वर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन चकचकीत. आमच्याकडे एकदा असं एक कन्साइनमेंट आलं होतं, आयातदार शपथेवर सांगत होता माल अमुक देशाचा, आणि पेटीच्या आतल्या थर्माकोलवर भलत्याच देशाचा शिक्का. २०२० पासून कॅरोटार नियम आले, आता आयातदारालाच मालाच्या मूळ देशाची माहिती ठेवावी लागते, नुसता कागद दाखवून सुटका नाही. त्या आधी मजाच होती.

लाशीनकाठचा

ताई, थर्माकोलचा किस्सा भारी. तुमच्यासाठी याहून जुना एक. नेपोलियनने बाल्टिक समुद्र बंद केल्यावर इंग्लंडला जहाजांसाठी लाकूड मिळेना, म्हणून त्यांनी बाल्टिकच्या लाकडावर जकात चढवत नेली आणि कॅनडाच्या लाकडाला मोकळीक दिली. युद्ध संपलं तरी ती सवलत काही गेली नाही, सवलत कधी आपणहून जाते का. १८२१ मध्ये दर बसले ते असे, लोडला परदेशी लाकूड ५५ शिलिंग, वसाहतीचं १०. लोड म्हणजे साधारण ५० घनफूट. ४५ शिलिंगांचा फरक! तेव्हा असं बोललं जायचं की काही जण नॉर्वे-बाल्टिककडचं लाकूड अटलांटिकपार नेऊन परत आणतात, दोनदा समुद्र ओलांडूनही फायद्यात. किती जणांनी खरंच केलं ते सोडा, पण हिशेब बसत होता हे महत्त्वाचं.

वर कॅनडाच्या पाइनला लवकर कीड-बुरशी लागते अशी इंग्लंडातल्या सुतारांची ओरड होतीच. म्हणजे गिऱ्हाइकाने वाईट माल जास्त भावाने घ्यायचा, कारण विकणारा आपल्या झेंड्याखालचा.

गिरणगावकर

मस्त धागा. पण एक विचारू का, यात वसाहतवाल्यांचं काय चुकलं? साम्राज्यात असल्याचा तोटाच तोटा घ्यायचा आणि फायदा मागितला की स्वार्थी? आमच्या मुंबईचं बघा. १८९४ मध्ये सरकारला पैसे पाहिजे होते म्हणून आयात कापडावर पाच टक्के जकात बसली, तर लँकेशायरवाल्यांनी, म्हणजे मँचेस्टरकडच्या कापड गिरण्यावाल्यांनी, विलायतेत बोंब मारली आणि मुंबईच्या गिरण्यांच्या वीस नंबरावरच्या सुतावर तेवढीच अबकारी लावायला लावली. १८९६ ला त्याचं झालं साडेतीन टक्के आयात कापडावर आणि साडेतीन टक्के आपल्या गिरणीच्या कापडावर. आपल्याच देशात, आपल्याच कापसाचं, आपल्याच माणसांनी विणलेलं कापड, त्याच्यावर कर, का तर मँचेस्टरला वाईट वाटू नये! ती अबकारी जायला १९२५ चा डिसेंबर उजाडला. माझे पणजोबा साच्यावर होते, त्यांची सगळी उमेद त्या कराखाली गेली. त्यामुळे मॉन्ट्रियलच्या शेटजींचं रडगाणं वाचून मला काही कीव येत नाही पण रागही येत नाही. गोऱ्या वसाहतीला एक शिलिंगाचे लाड आणि आम्हाला घरात कर.

लाशीनकाठचा

गिरणगावकर, शतशः सहमत, आणि तोच तर फरक. पण या लाडांचा भुर्दंड कोण भरत होतं तेही बघा. मँचेस्टर-लिव्हरपूलचा मजूर, महाग पाव खाऊन. अबकारीच्या वेळी भरत होता मुंबईचा गिऱ्हाईक. शेटजी कुठलाही असो, त्याची सवलत कुणाच्या तरी ताटातूनच जाते.

सोनचाफा

मला वाटायचं प्रेफरन्स (वसाहतींना जकातीत मिळणारी ही सवलत) म्हणजे सगळ्या वसाहतींना सारखाच. नाही का?

आकडेशास्त्री

सोनचाफाताई, अजिबात नाही, वसाहती-वसाहतींतच मारामारी. साखरेचं बघा. १८३६ पर्यंत इंग्लंडात वेस्ट इंडीजच्या साखरेवर हंड्रेडवेटला (साधारण ५१ किलो) २४ शिलिंग, आपल्या बंगालच्या साखरेवर ३२, आणि परदेशीवर ६३. दोन्ही एकाच साम्राज्यात, पण बार्बाडोस-जमैकाच्या मळेवाल्यांचे लोक पार्लमेंटात बसायचे, बंगालचं कोण बसणार. १८३६ मध्ये कुठे बंगालची साखर २४ वर आली. मळेवाल्यांचं म्हणणं काय, तर आम्ही जुने, आम्ही निष्ठावान, आमचा हक्क. आणि १८४६ मध्ये पीलनंतरच्या रसेल सरकारने परदेशी साखरेची जकातही हळूहळू खाली आणायची ठरवली तेव्हा मळेवाले म्हणाले की क्यूबा-ब्राझीलची साखर गुलामांची आहे, ती स्वस्त आत घेणं पाप! म्हणणारे कोण, तर १८३४ पर्यंत स्वतः गुलाम राबवणारे. मुद्दा खरा होता हो, सांगणाऱ्याचं तोंड चुकीचं होतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीच्या वाइनचंही तेच. १८१३ ला जकात उतरवली, सगळ्यांनी द्राक्षांचे वेल लावले, वाइन म्हणाल तर सुमार, पण स्वस्त म्हणून खपली. नंतर सवलत आटत गेली आणि १८६० ला फ्रान्सशी करार होऊन फ्रेंच वाइनही स्वस्तात यायला लागली, केपचा धंदा कोसळला.

तिरकस_तात्या

थोडक्यात, सवलत म्हणजे सासऱ्याच्या पैशावरचं दुकान.

धागाकर्ते जेवण झालं का? १८४९ चं काय ते सांगा, आम्ही ताटकळलोय.

लाशीनकाठचा

झालं झालं.

१८४६ मध्ये कॉर्न लॉज उडवायचं बिल येतंय कळल्यावर मॉन्ट्रियलवाल्यांनी अर्ज पाठवले, कॅनडाच्या विधानसभेनेही मे महिन्यात राणीला पत्र लिहिलं. भाषा अदबीची, पण आत सुरी. आमच्या मालाचं संरक्षण गेलं आणि शेजाऱ्यांपुढे आम्ही टिकलो नाही, तर साम्राज्यात राहण्याचा फायदा तो काय असा प्रश्न लोकांना पडू लागेल, असं त्यात होतं. वसाहत मंत्री तेव्हा ग्लॅडस्टन. त्याने उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा, की आपलं नातं काही देवघेवीच्या हिशेबावर उभं नाही. वाचून शेटजींच्या पोटात गोळाच आला असणार, कारण त्यांच्या मते ते तसंच उभं होतं.

गंमत म्हणजे १८४७ साल चांगलं गेलं! दुष्काळामुळे पिठाला युरोपात भाव. आणि त्याच वर्षी आयर्लंडमधून उपाशी माणसं इथे येत होती, बरीच लाकडाच्या जहाजांतून. ते जहाज लाकूड घेऊन जायचं आणि येताना रिकामं, मग तळाशी वजन म्हणून माणसं भरायची, तिकीट स्वस्त. म्हणजे लाकडाच्या त्या ४५ शिलिंगांच्या फरकाने जो जहाजांचा ताफा उभा केला त्याच्याच पोटात बसून हे लोक आले. टायफसने पटापट मेले. व्हिक्टोरिया पुलाच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध, एक भला मोठा काळा धोंडा आहे, त्याच्यावर लिहिलंय की १८४७-४८ मध्ये जहाजतापाने मेलेल्या ६००० लोकांचे अवशेष इथे आहेत. पूल बांधणाऱ्या मजुरांनी १८५९ मध्ये तो ठेवला. दोन्ही बाजूंनी गाड्या भरधाव जातात, थांबायला धड जागा नाही. मी सायकल उभी करून वाचलं तेव्हा मागून हॉर्नवर हॉर्न. आणि तिथून मान वळवली की पिठाची पाटी दिसते.

मग १८४८ ला आपटबार. भाव पडले, कर्जं अंगावर, आणि कालव्यांचं रुंदीकरण नेमकं त्याच सुमाराला पूर्ण झालं, माल नाही आणि कालवा तयार. अमेरिकेनेही चाल खेळली होती, कॅनडाचा माल न्यूयॉर्कमार्गे बिनजकात जाऊ दे असा कायदा केला. न्यूयॉर्क बारा महिने उघडं आणि आमची सेंट लॉरेन्स पाच महिने गोठलेली. वर १८४९ पर्यंत जुना नौकानयन कायदा होताच, म्हणजे माल ब्रिटिश जहाजातूनच न्यायचा, भाडं जास्त. सवलत काढून घेतली आणि बेडी तशीच ठेवली, ही त्यांची तक्रार मला तरी खरी वाटते. गव्हर्नर लॉर्ड एल्गिनने स्वतः विलायतेला कळवलं की तीन वर्षांत शहरांतल्या मालमत्तेची किंमत निम्म्यावर आलीय आणि व्यापाऱ्यांतले तीन चतुर्थांश दिवाळखोर झालेत.

२५ एप्रिल १८४९ ला याच एल्गिनने, १८३७-३८ च्या बंडात नुकसान झालेल्यांना भरपाई द्यायच्या बिलावर सही केली. इंग्रज टोरींना (म्हणजे राजनिष्ठ पुराणमतवाद्यांना) वाटलं हे फ्रेंच बंडखोरांना बक्षीस. त्यांनी एल्गिनच्या गाडीवर अंडी फेकली आणि रात्री पार्लमेंटची इमारतच जाळली. 'निष्ठावान' म्हणवणाऱ्यांनी! राजधानी मॉन्ट्रियलहून गेली ती गेलीच.

आणि ऑक्टोबरात जाहीरनामा. सव्वातीनशेच्या आसपास सह्या, बहुतेक व्यापारी. मागणी काय? शांततेने इंग्लंडपासून वेगळं व्हायचं आणि अमेरिकेत सामील व्हायचं!! त्यात आधी सगळे उपाय एकेक करून तपासलेत, आणि यादीत पहिला उपाय कुठला माहितीये, इंग्लंडच्या बाजारात पुन्हा संरक्षण मिळवणं. म्हणजे ते मिळालं असतं तर बाकीच्या यादीची गरजच नव्हती.

सोनचाफा

बापरे. सह्या करणाऱ्यांना पकडलं का मग?

लाशीनकाठचा

नाही हो, ज्यांच्याकडे सरकारी पदं-मानमरातब होते ते काढून घेतले एवढंच. सह्या करणाऱ्यांत जॉन अ‍ॅबट नावाचा २८ वर्षांचा वकील होता, तो १८९१ मध्ये कॅनडाचा पंतप्रधान झाला! म्हातारपणी म्हणायचा की तो एक रागाचा झटका होता. मोल्सन मंडळीही होती, हो तीच बिअरवाली. आणि फ्रेंचांचा जुना पुढारी पापिनो, ज्याला हे शेटजी आयुष्यभर शिव्या देत आले, तोही अमेरिकेत जाण्याच्या बाजूचा, त्याची कारणं वेगळी. संकटात कोण कोणाशेजारी बसेल सांगता येत नाही.

आकडेशास्त्री

धाग्याला थोडी काडी टाकतो. १८४६ ने बुडवलं ही शेटजींची गोष्ट झाली. १८४७ ला लंडनमध्येच मोठी आर्थिक पडझड झाली होती, ४८ ला निम्म्या युरोपात क्रांत्या, मंदी सगळीकडेच होती. क्वेबेकच्या साध्या शेतकऱ्याच्या गव्हाला तर १८३० च्या दशकापासूनच किडीने खाल्लं होतं, त्याला निर्यातीच्या सवलतीचं सोयरसुतक नव्हतं. म्हणून तर गिरण्या सेंट लॉरेन्सच्या वरच्या भागातल्या आणि अमेरिकन गव्हावर चालत. आणि १८५० नंतर दोन-तीन वर्षांत धंदा परत उभा राहिला की नाही? त्यामुळे 'सवलत गेली म्हणून मेलो' यातलं निम्मं खरं, निम्मं ज्याचं दिवाळं निघालं त्याची समजूत. मॉन्ट्रियलमध्येच जॉन यंग नावाचा व्यापारी १८४६ पासून फ्री ट्रेड असोसिएशन चालवत होता, की सवलत गेली तर जाऊ दे, बेड्याही काढा. तो काही रडत बसला नाही.

लाशीनकाठचा

मान्य. यंगचं नाव मी टाळलं कारण धागा लांबत होता. पण उभा राहिला तो कशाने? १८५४ ला एल्गिननेच वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकेशी परस्पर करार केला, गहू-लाकूड-मासे दोन्हीकडे बिनजकात. म्हणजे एका खुंट्यावरून सोडलेली गाय दुसऱ्या खुंट्याला. १८६६ मध्ये अमेरिकेने तोही मोडला.

गिरणगावकर

आमच्याकडच्या खुंट्याची एक गोष्ट टाकतो आणि गप बसतो. १९३० पासून कापडावर ब्रिटिश मालाला १५ टक्के, बाकीच्यांना २० असा भेद सुरू झाला, पुढे जपानी कापड आलं म्हणून जून १९३३ ला बिगर-ब्रिटिश कापडावर ७५ टक्के! १९३२ ला ओटावात एकमेकांना जकातीत सवलत द्यायचे साम्राज्यभराचे करार झाले होते. त्या हवेत ऑक्टोबर १९३३ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाचे होमी मोदी आणि लँकेशायरचे क्लेअर-लीस यांनी मुंबईत करार केला. तुमच्या कापडाला जकातीत सवलत आम्ही खपवून घेतो, तुम्ही आमचा कापूस जास्त उचला. ज्या लँकेशायरने आमच्यावर अबकारी बसवली त्याच लँकेशायरशी! अहमदाबादवाल्यांनी हात झटकले, काँग्रेसवाल्यांनी झोडपलं. पणजोबांच्या वेळचे शेठ आणि हे शेठ यात काय फरक ते तुम्हीच सांगा.

क्लिअरिंगवाली

फरक म्हणजे जपान 🙂 सवलत मागणाऱ्याला साम्राज्य आठवतं ते तिसरा स्वस्त विकायला लागला की.

धागाकर्ते, एक प्रश्न राहिला. सवलत गेल्यावर त्या सह्यावाल्यांनी पुढे कधी इंग्लंडच्या मालाला कॅनडात सवलत दिली का? म्हणजे उलट्या बाजूने?

लाशीनकाठचा

ताई, नेमका प्रश्न विचारलात, हे मी शेवटाला ठेवलं होतं.

सह्या करणाऱ्यांत अलेक्झांडर गॉल्ट होता. १८५८ मध्ये तो कॅनडाचा अर्थमंत्री झाला. खजिना रिकामा, रेल्वे-कालव्यांची कर्जं डोक्यावर, म्हणून १८५९ ला त्याने कारखान्याच्या बहुतेक आयात मालावर २० टक्के जकात लावली, इंग्लंडच्या मालालाही तीच, सूट नाही. शेफील्डचे सुऱ्या-कात्र्या बनवणारे खवळले. त्यांनी वसाहत मंत्री ड्यूक ऑफ न्यूकॅसलकडे अर्ज केला की आम्ही एकाच राणीची प्रजा, आमच्या मालावर वसाहतीत एवढी जकात कशी, हे थांबवा. अर्ज वाचताना १८४३ च्या मॉन्ट्रियलचा वाटावा असा. ड्यूकने तो कॅनडाला पाठवला. आणि ज्याने दहा वर्षांपूर्वी एका शिलिंगाच्या सवलतीपायी देश सोडून जायच्या कागदावर सही केली होती त्या गॉल्टने उत्तर लिहिलं, की आपल्यावर कर कसा बसवायचा हे कॅनडाचे लोक ठरवतील, विलायत सरकारची मर्जी वरचढ ठरवायची असेल तर स्वराज्याला अर्थच उरत नाही.

सवलत दिली ती थेट १८९७ ला, कॅनडाचा पंतप्रधान लॉरिये याच्या सरकारने, आपणहून.

तिरकस_तात्या

शेफील्डवाल्यांनी सुऱ्या अमेरिकेत नेऊन धार लावून आणायच्या होत्या ना.

क्लिअरिंगवाली

तात्या, नुसत्या धारेने शीर्षक बदलत नाही. ८२११ च राहतं.